थेऊर, अंगारकीनंतरचा बुधवार

अंगारकीला आमचं अंगण
गाडीमागे चाळीस रुपयांनी जातं.
कुंजीरकाकूंची न्हाणी दहाला,
साबण त्यांचा, पाणी मात्र जपून.
काच चार बोटं खाली करून
कुणी विचारतं, देव कुठल्या बाजूला?
मी हात करते. हातात दुर्वांची जुडी असते,
म्हणून तीही खपते.

वाईट नाहीत माणसं.
उन्हात रांग धरतात, लेकरं कडेवर.
कुणाचे रिपोर्ट यायचेत, कुणाच्या पोरीचं जमत नाही.
चिंता इथं ठेवायची असते, असं ऐकून आलेली.
ठेवतात. जाताना भेळ खातात.

सासरे सांगतात, आम्ही घाटावर
पाय सोडून बसायचो संध्याकाळचे.
आता पाण्यात बोट घालवत नाही.
तेही पुण्याहूनच येतं, पाहुण्यांसारखं.

आज अंगण झाडताना
लाल चप्पल सापडली, वितीएवढी,
दाबली की वाजणारी.
कठड्यावर ठेवलीय.
येणार कोण म्हणा एवढ्यासाठी परत.
सासरे जाता-येता वाजवतात.

दार लागायच्या आधी
मी अनवाणी जाऊन येते.
मागायचं काही नसतं.
म्हणजे असतं,
पण तो दमलेला दिसतो.