कोरी चिठ्ठी

खानापुरात, गुरवांच्या बंद राईस मिलमध्ये
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही स्लॅम घेतो.
स्लॅम म्हणजे काय ओ सर? मष्णूनं विचारलं होतं.
कुस्तीच रे, म्हटलं, फक्त कुणाची पाठ टेकत नाही.
मग गुण कशाला देतासा?
याचं उत्तर मला अजून आलेलं नाही.

बॅनर लावत नाही.
लावला, की वरची ओळ कुठल्या लिपीत म्हणून
आधी दोघं येतील, मागनं वीस, मग पोलीस.
खडूनं जमिनीवर एक गोल काढतो.
गोलात उभं राहून बोलशील ती भाषा चालते,
आईशी भांडताना होते ती खिचडी तर आधी चालते.

वेळ तीन मिनिटं.
कुकरशेजारचं घड्याळ बायकोनं दिलंय,
ते कोंबडीसारखं ओरडतं. पोरं हसतात.
हशात तुटलेली कविता जरा कमी दुखते.

परीक्षक पाच, ऐन वेळी, गर्दीतनं.
कवी नको, मास्तर नको, कुणाचा मामा तर नकोच.
परवा होते टायरवाला पेद्रू, जांबोटी गाडीचा कंडक्टर,
सरकारी दवाखान्यातल्या दोघी नर्स,
आणि एकजण, लोंढ्याची पॅसेंजर चुकली म्हणून आत आलेला.
सगळ्यात मोठा आकडा पुसतो, सगळ्यात लहानही.
लाड आणि राग, एकाच फडक्यानं.

एवढं कशाला, म्हणाल.
एक्क्याण्णव साली नंदगडच्या वक्तृत्व स्पर्धेत
परीक्षक मी होतो. कडक इस्त्री, लाल पेन.
एक मुलगी आली, आडनाव हुलीकट्टी,
घरात कन्नड, शाळा मराठी.
तळाशी गेलेल्या विहिरीत
घागर घेऊन उतरणाऱ्या बाईवर ती बोलली.
मी ऐकत होतो फक्त तिचा न.
पानी म्हणाली, आनी म्हणाली,
दर वेळी अर्धा गुण कापला. चौदा वेळा.
बक्षीस डॉक्टरांच्या मुलाला. शुद्ध होता तो.
काय बोलला, आठवत नाही.
विहीर आठवते.

म्हणून बिस्किटांच्या डब्यात, नावांच्या चिठ्ठ्यांत
मी एक कोरी टाकतो.
ती निघाली की नाव न दिलेल्या कुणीही उठायचं.
नाहीच उठलं कुणी, तर तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प,
आणि मागं वळून बघायचं नाही.
बघितलं की उठणारं पोर बसतंय.

परवा ती चौथी निघाली.
पंखा ऐकला. मालगाडी गेली, तिचे डबे मोजले.
अडीच मिनिटं झाली असतील,
भावाला स्कूटीवरनं सोडायला आलेली नाझमीन मकानदार
हेल्मेट काखेत धरून म्हणाली,
मी बी बोलू काय? पाठ काय नाही.
चपला गोलाबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

भावाचं नाव तुमच्या डब्यात हाय,
आनी माझं फक्त रेशन कार्डावर,
आनी स्कूटी मीच चालवतो
आनी

घड्याळ ओरडलं.
नियम माझाच. मी हात वर करणार,
तोवर मष्णू उभा, ज्याची पाचवी चिठ्ठी होती:
सर, गप्प बसलो ते आमी की,
तिची मिनिटं कुठं वापरली तिनं? परत फिरवा!
मिलभर परत फिरवा, परत फिरवा.
फिरवलं.

ती किती वेळा आनी म्हणाली, मी मोजलं नाही.
खोटं कशाला बोलू, अकरा वेळा म्हणाली.
पण खिशात पेन नव्हतं.

नऊ, आठ, सहा, दहा, आठ.
सहा पुसला, दहा पुसला, पंचवीस उरले.
मष्णू चोवीसवर अडकला. म्हणाला,
त्या घड्याळाचा एक गुण माझ्या नावावर लिवा सर.
लिहिला नाही. नियम नाही तसा.

जाताना तिला म्हटलं, पुढच्या खेपेला नाव दे.
हेल्मेटची पट्टी लावत ती म्हणाली,
नको, तेवढी कोरी ठेवा.
भाऊ मागं बसला.