कानावरचे केस

आल्सीद फोन्तनो दिवा तिरका करतो
भिंग डोळ्याला लावायच्या आधीच.
सरळ उजेडात, तो म्हणतो,
सगळीच चांदी सभ्य दिसते.

काउंटरपलीकडे झेनोबी आर्सनो.
रुमालाची गाठ सोडून एकच नाणं ठेवलेलं :
डॉलर, अठराशे ब्याण्णवचा,
गरुडाखाली बारीकसा ओ,
म्हणजे इथलाच, न्यू ऑर्लिन्सचा.
टांकसाळ दुकानापासून चालत अकरा मिनिटं.

तो कडेनं धरतो. नेहमी कडेनंच.
आधी बाईच्या केसांत खोवलेली कापसाची बोंडं,
मग पट्टीवरची अक्षरं,
मग कान.

कानावर बटा हव्यात,
एकीखालून दुसरी निघालेली.
इथं नुसती सपाटी.
मागे गरुडाची छाती
सोललेल्या कोंबडीसारखी, पीस नाही एक.

“झिजलंय, ठाऊक आहे मला,” झेनोबी म्हणते.
“आजोबा बोटीवर भट्टी सांभाळायचे,
नॅचेझपर्यंत जायचे नि यायचे.
घरची आठवण आली की
खिशात या बाईच्या कानावरून अंगठा फिरवायचे.
आई सांगायची. म्हणून केस गेले.”

आल्सीद काहीच बोलत नाही.
नाणं सावकाश कलवत राहतो,
उजेडाचे आरे चाकासारखे फिरतात
गालावरून, कानावरून, पुन्हा गालावरून,
कुठेही न अडखळता.

“झिजलं असतं,” शेवटी तो म्हणतो,
“तर इथं राखी डाग पडला असता.
उजेड थबकला असता.
हे केस कुणी पुसले नाहीत, बाई.
ते उमटलेच नव्हते.
साचे जरा लांब ठेवलेले त्या दिवसांत,
फुटू नयेत म्हणून.
दाब पोचला नाही,
चांदी वर चढली नाही.
बाकी नाणं कोरं आहे. खणखणीत.
वीस नव्हे, साठ देतो.”

मी पुठ्ठ्याच्या चौकटीवर लिहितो :
न वापरलेलं. ठसा कच्चा.

“म्हणजे अंगठा...”
“नाही.”
“एकदाही?”

भिंगाआडून त्याचा डोळा मोठा दिसतो,
आणि त्या डोळ्याला खोटं बोलता येत नाही.
“एकदाही नाही.”

पंखा फिरत असतो.
बाहेर कुणी बर्फाची लादी ओढत नेतं,
तिचा ओला माग दारापुढून जातो.

मग झेनोबी हातमोजा काढते,
नाणं मुठीत घेते
आणि अंगठा
कानावर ठेवून दाबून फिरवते.
पुन्हा फिरवते.

माझा श्वास अडकतो.
बोट लावलं म्हणून
याच आल्सीदनं एका गिऱ्हाइकाला
रस्त्यापर्यंत हाकललेलं मी पाहिलंय.

तो दिवा मालवतो.
भिंग पुसून डबीत ठेवतो.
माझ्याकडे न बघता
हात पुढे करतो त्या पुठ्ठ्यासाठी,

आणि पुठ्ठा हळूच,
आवाज होऊ न देता,
दुमडतो.