झाकणाच्या आत

बेसा रोड, तिसरा मजला, गच्ची.
आउटडोअर युनिट माझ्या तोंडावर
आणखी एक उन्हाळा फुंकतं.

बारा वर्षं पंपाची वायर
कोणाच्या तरी न्हाणीघरातून ओढत आलो,
दाराच्या फटीत चेपलेली, टेप गुंडाळलेली.
"भाऊ, गिझरचा प्लग काढू का?"

इथे युनिटपासून हातभर अंतरावर
चक्क सॉकेट.
तोंड खाली, रबरी झाकण,
आणि डब्यात शिरण्याआधी
वायरला एक झोळ,
पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जावं म्हणून.

सवयीनं हाताची पालथी बाजू लावून पाहिली.
काही नाही.
स्क्रू काढले.
हिरवी वायर बाकीच्यांपेक्षा चार बोटं लांब:
ओढली गेलीच कधी, तर ती शेवटी तुटेल.

झाकणाच्या आत पेन्सिलीनं:
'अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा. उके.'

घरमालक म्हणाला, "कायचा खड्डा?"

मोटारीमागे सापडला.
फुटकी फरशी, खाली कोळसा,
माती नवतपातल्या ओठांसारखी.
सर्विसिंगची उरलेली बादली ओतली.
बराच वेळ आत आवाज येत राहिला.

तीन मजले परत चढलो.
पेन्सिल नव्हती.
टेस्टरच्या टोकानं कोरलं,
उकेच्या खाली:
टाकलं.