छाट

प्रश्न चौदावा. गेल्या सात दिवसांत
तुम्ही किती तास काम केलंत?
राजमणी गड्डम सुपावरून मान वर करत नाही.
'तास कोण मोजतंय अक्का. हजार मोजतंय आम्ही.'

पानावर पत्र्याचा नमुना, कात्रीचे चार घाव,
चिमूटभर तंबाखू, दोरा.
माझ्या रकान्यात तेवढ्यात एकही आकडा नाही,
तिच्या सुपात तीन विड्या.

शेवटचं आजारपण कधी?
'दोन पाण्यामागं.'
तारीख सांगा ना.
ती मोरीतल्या पिंपाकडे बघते,
बोटांवर तेलुगूत उलटी जाते,
मधे कुठंतरी पाइपलाइन फुटलेली, तिथं अडते.
'लिही की तसंच. अख्ख्या घरकुलला कळतंय,
तुझ्या कागदाला कळंना व्हय?'

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं.

सव्विसाव्या प्रश्नाला नळ आला.
गल्ली उठली. सूप खाली, घागरी बाहेर,
आणि माझ्या हातात कुणीतरी पाइपाचं टोक दिलं.
शासकीय योजनांविषयीचं आपलं मत
त्या दिवशी कोरंच राहिलं, आणि ओलं.

पुण्यात सरांनी फॉर्म पडद्यावर चढवले.
व्यवसाय: गृहिणी. रोजच्या विड्या: हजार.
तास: माहीत नाही. तारीख: अवैध.
'विसंगत आहेत असे एक्केचाळीस,' सर म्हणाले,
वाईट वाटून नव्हे, चहा ढवळत,
'काढून टाकू, सरासरी बिघडते.'

मला शनिवारचा कारखाना आठवला.
मोजणीवाला कट्टा सोडतो,
ही ढिली, ही बारीक, हिचं तोंड नीट नाही,
बाजूला. छाट.
तिचे पैसे नाहीत. ती परतही नाही.
मग जाते कुठं, मी विचारलं होतं,
फॉर्ममध्ये नसताना.
राजमणी पहिल्यांदा हसली:
'ओढतंय की कोणतरी. फेकतंय व्हय?'

अहवाल छापून आला. तक्ता सात,
सरासरी कामाचे तास सहा पूर्णांक चार.
आभारात माझं नाव आहे, आडनाव चुकलंय.

एक्केचाळीस फॉर्म मी परत आणले,
रात्रीच्या एसटीनं, मांडीवर.
कॉटखाली ठेवलेत. खोलीला तंबाखूचा वास येतो.
आई विचारते, रद्दीवाला आलाय, देऊ का?
राहू दे म्हटलं,
पुढच्या पाण्याला बघू.