ओल

सेमिनरीतली ती वही अजून आहे माझ्याकडे.
ज्ञान या शब्दाचे तीन रकाने, लाल शाईनं आखलेले:
इब्री, ग्रीक, मराठी.
वीसपैकी अठरा मिळाले होते.

सावंगी मिशनला आलो त्याच वर्षी, मे महिन्यात,
दानियल सोनोने वारला.
दानियल म्हणजे ज्यानं देवळाची घंटा
दारव्ह्याच्या भंगारवाल्याला विकली, चौदा किलो.
तेव्हापासून आमची मंडळी गोळा होते
निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजला की.
एकोणीस वर्षं त्यानं तो ठणठणाट
घरी बसून ऐकला असेल.
घर काही लांब नव्हतं.

कमिटी बसली. लाइट गेलेली.
शामुवेल मास्तरांनी बॅटरीच्या उजेडात
कब्रस्थानाची नियमावली काढली, कलम नऊ.
गिदोनभाऊ उंदिरवाडे उभेच राहिले.
म्हणाले, माझ्या बापानं दारोदार फिरून
पायली-पायली ज्वारी मागितली होती त्या घंटेसाठी.
त्यांचा आवाज फाटला.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
पास्टर, तुम्ही सांगा.

मी डोळे मिटले.
कमी पडलं तर मागा, तूच म्हणालास,
मागणाऱ्याला तू बोल लावत नाहीस,
तर आता दे. लवकर दे.
त्या तरुण राजानं तलवार तरी मागवली होती.
इथं तर मेलेला माणूस.
अर्धा करून कुणाला देणार?

मी एका वाक्याची वाट बघत होतो,
वरून उतरणाऱ्या, पूर्ण, व्याकरणशुद्ध.

आलं ते हापशीचं करकरणं.

बाहेर दुर्कसबाई.
एकतीस वर्षं मिशन दवाखान्यात आया,
कमिटीत कधीच नव्हती.
दोन बादल्या घेऊन कब्रस्थानात चाललेली,
पदर कमरेला खोचून.
त्याच्या मायच्या कबरीशेजारी, ओळीतच,
भेगाळल्या काळ्या मातीवर
पाणी ओतत होती हळूहळू,
लेकराच्या टाळूवर तेल जिरवावं तसं.

काय करता बाई?
"भुई दगडावानी झाली पास्टर.
सकायी टिकास घेनार नाई.
रातभर मुरू द्या."
पण अजून ठरलं नाही काही.
"ठरू द्या नं तुमचं.
पान्याले कायले थांबवता?"

तिनं दानियलचं नाव घेतलं नाही.
घंटेचंही नाही.
(त्याची नाळ तिनंच कापली होती म्हणे.
कुणी म्हणतं, छे, ती दुसरी आया.)

गिदोनभाऊ मागं येऊन कधी उभे राहिले
कळलं नाही.
बराच वेळ बघत होते.
मग खेकसले,
"असं कुठं टाकतात काय? उतार हाये इकडे.
सारं पानी वाहून चाललं."
आणि चपलेच्या टाचेनं
मातीचा बांध घालायला लागले,
संत्र्याच्या झाडाला आळं करतात तसा,
चारी बाजूंनी, चांगला रुंद,
सहा फुटांच्या माणसाला पुरेल एवढा.

मी तिसरी बादली शोधली.
शामुवेल मास्तर बॅटरी धरून उभे होते,
कलम नऊ बगलेत.

ठरावांच्या रजिस्टरात त्या रात्रीचं पान
कोरंच आहे.
कुणी माफ केलं असं कुणी म्हणालं नाही.
पुढच्या रविवारी गिदोनभाऊंनी रूळ वाजवला
तो नेहमीपेक्षा जोरातच.
राग होता की काय, मी विचारलं नाही.

पण सकाळी पहिला घाव पडला
तेव्हा टिकास आत गेलं
पातं दिसेनासं होईपर्यंत.
खालची माती थंड निघाली.

मी पुष्कळ प्रवचनं केली त्यानंतर या विषयावर.
बहुतेक जमली नाहीत.
त्या रात्री घरी येऊन वहीत
चौथा रकाना आखला होता.
लिहिलं काहीच नाही त्यात.
फक्त तिथं कागद जरासा फुगलाय.
हात ओले होते माझे.