पाच तिकिटं

नाव ऋग्वेद. वय नऊ.
बोलतो एकूण अकरा शब्द,
त्यातला एक ‘बस’.

पहिल्या आठवड्यात मी म्हणायचे, ऋग्वेद, बस.
तो खुर्ची ढकलून खिडकीकडे धावायचा.
मी फाइलमध्ये लिहिलं : सूचना पाळत नाही.
(निळ्या शाईत. ते पान अजून आहे.)

खिडकीखाली सिंहगड रस्ता, समोर थांबा,
थांब्यावर कुण्या दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.
तो मला बस दाखवत होता,
मी त्याला बस म्हणत होते,
आणि तिसरी, ‘आता बस’ मधली बस,
ती त्याच्या आईच्या तोंडून निघायची
रोज दुपारी, जिन्यात त्याच्या पायात बूट चढवताना.

मग तक्ता केला.
पुठ्ठा साडीच्या खोक्याचा,
वेल्क्रो रविवार पेठेतून, मीटरवर.
आधी सोनेरी चांदण्या.
त्याने एक चाटून पाहिली, ठेवून दिली.
मग हसरे चेहरे.
ते सगळे त्याने पालथे घातले.
शेवटी त्याच्या आईने पर्समधून
बसच्या तिकिटांची गड्डी काढली, रबर लावलेली.
“टाकू देत नाही हो हा.”
त्यातली पाच लॅमिनेट करून आणली.

मणी ओवले, एक तिकीट.
पेन्सिल धरली, दुसरं.
खालच्या पट्टीवरून तोच ओढायचा, चर्रर्र,
कान जवळ नेऊन,
आणि वरच्या चौकोनात दाबायचा अंगठ्याने.
पाच भरले की टोकाला चित्र : लाल बस.
मग आम्ही दोघं खाली, थांब्यावर,
एक बस येईपर्यंत.
चढायचं नाही. बघायची फक्त.

“ही लाच झाली,” पटवर्धन सर म्हणाले.
तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर
पगाराचा मेसेज वाजला. एक तारीख होती.
मी काहीच बोलले नाही.

तो शुक्रवार.
साडेअकराला पाचही चौकोन भरले.
खाली उतरलो तर पाण्याची लाइन फुटलेली,
रस्त्याला बॅरिकेड, गाड्या वळवलेल्या.
पंधरा मिनिटं. वीस. चाळीस.
“आज नाही येणार,” मी सांगितलं.
‘नाही येणार’चं चित्र मी केलंच नव्हतं.

तो फुटपाथवर आडवा झाला.
डोकं फरशीवर आपटू नये म्हणून
मी माझा तळहात मध्ये घातला.
स्कूटरवाले थांबले. एक बाई म्हणाली, लाडावलंय.
मला तिला सांगायचं होतं,
अहो, त्याचं बरोबर आहे.
त्याने पाच दिले. माझं एक येणं बाकी आहे.
पण माझा हात अडकला होता,
आणि आवाजही.

रात्री नवं कार्ड केलं :
बस, तिच्यावर तांबडी फुली,
शेजारी कॅलेंडरचा पुढचा चौकोन.
खडूने रंगवताना फुली दोनदा चुकली.

सोमवारी तो आला.
मण्यांच्या वाटीला हात लावला नाही.
दप्तर उघडून पाच तिकिटं काढली
(शुक्रवारी तक्त्यावरून कधी उतरवली, कळलंच नव्हतं)
आणि टेबलावर मांडली, कडेला कड जुळवून,
वसुलीला आलेला माणूस
पावत्या मांडतो तशी.

“बस,” म्हणाला.

मी आधी बसले.
मग उठून चपला घातल्या.

थांब्यावर दहा मिनिटांत आली ती,
दारात लोंबकळणारी माणसं घेऊन, धूर सोडत.
त्याने बघितली. बोटं हवेत फडफडली,
पंख वाळवावेत तशी.
कंडक्टरने हात केला, येताय का?
आम्ही दोघांनी मान हलवली. नाही.

फाइलमध्ये लिहिलं :
सूचना स्पष्ट होती. मी पाळली.

मणी त्या दिवशी राहिलेच ओवायचे.