पाच मिनिटांची पाळी

पाच मिनिटं माझी, मग खरातबाईंची, मग तांबोळींची,
मग पुन्हा माझी.
अध्यक्षांच्या आसनाखाली आमचं टेबल.
मान वर करायला सवड नसते,
माणसं ओळखायची आवाजावरून
आणि चपलांवरून.

लघुलिपीत स्वर लिहीत बसत नाहीत.
द आणि र, एवढंच.
ओळीच्या वर काढलं तर दर,
ओळीवर दार,
ओळ कापून गेलं की दारू.
बावीस वर्षं हात चुकलेला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी पहिलं विधेयक:
व्यसनमुक्तीचा उपचार हा हक्क.
इंगवलेबाई उभ्या राहिल्या, कागद न घेता बोलल्या,
उपचारात असलेल्या माणसाची सही
कुणी कशावर घेतली असेल तर ती सही नव्हे,
थरथर आहे, अध्यक्ष महोदय.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
मग आमच्या तालुक्यातली निम्मी खरेदीखतं फाडा.
मी कंस उघडला, हशा लिहिलं, कंस मिटला.
हशा किती वेळ चालला
ते लिहायची पद्धत नाही.

चेंबूरच्या केंद्रात आज माझ्या भावाचा एकोणिसावा दिवस.
म्हसू.
एसटीच्या वर्कशॉपात नुसता आवाज ऐकून सांगायचा
कुठला नोझल चोंदलाय.
मागच्या खेपेला, दुसऱ्या एका केंद्रात,
चौथ्या दिवशी खिडकीतून आत आला स्टॅम्पपेपर.
अकरा गुंठे, विहिरीच्या वरच्या अंगाचे.
तलाठी म्हणाले, ताई, एवढासा तुकडा विकताच येत नाही,
फेरफार होणार नाही, निर्धास्त राहा.
त्या एका ‘नाही’वर उशी टेकून
आई वर्षभर झोपते आहे.

साडेसातला दुसरं विधेयक.
टेबलासमोरचे बूट तोवर विरळ झालेले.
गणपूर्तीची घंटा वाजली,
कँटीनमधून चौघं-पाचजण आले तोंड पुसत.
आजवरचे तुकड्यांचे सगळे व्यवहार,
मग ते साध्या कागदावरचे का असेनात,
नियमित.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
होय.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.
एसीची घरघर.
होयचे बहुमत.
त्या होयमध्ये इंगवलेबाईंचा आवाज होता. मला कळतो तो.

चारचं आणि साडेसातचं
एकाच वहीत आहे, माझ्या.
मध्ये चौतीस पानं.
अलीकडच्या पानावर जी सही पुसली
तीच पलीकडच्या पानावर गिरवून पक्की केली,
आणि अख्ख्या सभागृहात हे ठाऊक कुणाला,
तर ज्याला बोलायची परवानगी नाही
त्या टेबलाला.

रात्री साडेनऊ. टाइप झालेलं तपासायला
बाई स्वतः आल्या. सहसा पीए येतो.
थरथर खोडून त्यांनी कंप केलं,
मग कंप खोडून पुन्हा थरथर.
मी चहा विचारला. नको म्हणाल्या.
त्यांच्या भाषणाखाली मी साडेसातचं पान
ठेवून दिलं होतं.
ठेवायचं नसतं.
सेवाशर्तींत असं काही नेमकं लिहिलेलं नाही,
पण ठेवायचं नसतं.

खाली मरीन ड्राइव्हवर दिवे लागलेले,
शिपाई मधुकरमामा एकेक खोली बंद करत येत होते,
किल्ल्या वाजत होत्या.
फोन पालथा घातला होता मी. साडेनऊलाच म्हसूला
पाच मिनिटं बोलू देतात.
पाचच.
तो थरथरला टेबलावर, थांबला, परत थरथरला.

बाईंनी पान वाचलं.
चष्मा कपाळावर चढवून जवळ धरून वाचलं.
हे आजचंच?
आजचंच, बाई.
वरच्या सभागृहात कधी आहे?
उद्या. अकराला.

त्या काहीच बोलल्या नाहीत.
टेबलाखाली चपला काढल्या
आणि खुर्ची पुढे ओढली.